गिटार मोबाइलवर की सरांकडे: चूक ऐकतं कोण?

गणपती झाले की गावातली दोन-तीन पोट्टी हमखास विचारायला येतात, "दादा, गिटार घेतली. क्लास लावू का मोबाइलवरच शिकू?" मी तोंड उघडायच्या आत पारावरचं कोणीतरी सांगून मोकळं होतं, "कायले लावतं बे क्लास? आपल्या भजन मंडळातले खंजिरीवाले कोणत्या क्लासले गेलते?" हे ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मोबाइलवरचं शिकणं सांगत बसत नाही, ते तुम्ही केलेलंच आहे. ट्यूनरचं ॲप उघडायचं, सहा तारा ई-ए-डी-जी-बी-ई अशा लावायच्या, जी, सी, डी, ई मायनर हे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरायचे, आठवड्यात एक गाणं बसतं. फुकट, आणि रात्री 11 वाजताही चालतं. सरांकडे फी लागते, एसटी सांभाळावी लागते. नोटेशन वाचता यावं की नाही, परीक्षा द्यावी की नाही, यावर ज्यांना भांडायचं त्यांनी भांडावं. माझ्या लेखी ते सगळं नंतरचं.

घोळ आहे तो इथे: क्लास न लावणं म्हणजेच स्वतः शिकणं, असं आपण धरून चालतो. त्या खंजिरीवाल्याचंच घ्या. तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी आपल्या भागात गावोगावी पोचली, आणि ती शिकायला फी कोणी भरली नाही हे खरं. पण मंडळात बसणारं पोरगं एकटं कधी वाजवतं? एका बाजूला पेटीवर काका, पलीकडे ढोलकी, मागे टाळ. ठेका सुटला की काका काही बोलत नाहीत, पेटीवरून नुसती मान वर करून पाहतात. पोरगं पुढच्या आवर्तनात जागेवर. दर गुरुवारी सात-आठ जणांचे कान त्याच्यावर असतात, याला मी शिकवणीच म्हणतो. उलट वीस पोरं एका खोलीत, फळ्यावर कॉर्ड लिहून दिलेले आणि महिनाभर तुमचं एकट्याचं वाजवणं कोणी ऐकलेलं नाही, असला क्लास म्हणजे पैसे भरून स्वतः शिकणं. असल्या ठिकाणी मी तीन महिने फी भरली आहे, त्यामुळे हे जरा चिडूनच लिहितोय.

बाकी सहा वर्षं मी घरीच शिकलो. घरच्यांना वाटायचं पोरगं तयार झालं, मलाही वाटायचं. मग पुण्यतिथीच्या भजनात गिटार घेऊन बसलो. केरवा, आठ मात्रा, सोपा ठेका. ए मायनरवरून एफवर जायचं होतं. एफला तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकावी लागते. ती पडेपर्यंत माझा उजवा हात अर्धी मात्रा थांबायचा, आणि हे मला सहा वर्षांत एकदाही कळलं नव्हतं. कसं कळणार? घरी गाणारा मीच, वाजवणारा मीच, ताल धरणारा पायही माझाच. हात थांबला की गळाही थांबायचा आणि पायही. सगळं गाणं माझ्यासाठी खोळंबायचं. ढोलकीवाला खोळंबला नाही. दुसऱ्या कडव्यात मी सरळ एक मात्रा मागे होतो. काका हळूच म्हणाले, "बापू, ठेव गा ते जराशी खाली."

पुढच्या महिन्यात तालुक्याला एका सरांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "डावा हात पोचला नाही तर नाही पोचला. उजवा थांबला नाही पाहिजे." म्हणजे बोटं हवेत असली तरी तारा छेडत राहायच्या, मोकळ्या वाजल्या तर वाजू द्यायच्या. पंधरा दिवस एवढंच केलं. ए मायनर, मधे मोकळ्या तारांचा भोंगळ आवाज, मग एफ. आई आतून विचारायची, "काहून रे, बिघडली का ते?" तो भोंगळपणा हळूहळू आक्रसत गेला आणि एक दिवस उरलाच नाही.

तर, चुका दोन जातींच्या. तार खरखरते, बोट शेजारच्या तारेला लागून ती मुकी होते, या चुका तुमचा कान तुम्हाला सांगतो. त्यासाठी सर कशाला? लय थांबणं, मनगट मोडून धरणं, खांदा उचलून वाजवणं, या चुका करणाऱ्याला कळतच नाहीत. इथे हटकून कोणीतरी एकलव्य काढतो. अहो, एकलव्याचा बाण चुकला की समोर दिसत होता. थांबलेली अर्धी मात्रा कुठे जाऊन रुतते ते दाखवा मला.

जाता जाता: कधी कधी चूक बोटाची नसतेच. स्वस्त गिटारीत तारा नटवर, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीवर, उंच बसलेल्या असतात, आणि तिथेच एफ दाबायला सगळ्यात जड जातो. पोरगं वर्षभर स्वतःच्या बोटांना शिव्या देतं. आणि मे महिन्यात ती टिनाच्या खोलीत ठेवू नका. लाकूड सुकून आकसलं की फ्रेटची, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं कडेनं बोटाला टोचायला लागतात.

जवळपास सर नसतील तर मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं ॲप, मिनिटाला 60 वर लावा, वाजवलेलं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी नाही. त्या दिवशी सगळं गोडच लागतं. त्याहून बरं म्हणजे गुरुवारी मंडळात जाऊन बसा, कोणी हाकलत नाही. कॅपो, म्हणजे दांडीवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, तेवढा न्या. आमचे काका पेटीची काळी एक पट्टी सोडत नाहीत. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी धरला की त्यांचा सा मिळतो.