किक मारलीस ना, आता थांब

डायव्हिंग शिकत होतो तेव्हा पहिल्या काही डायव्हमधे माझं ठरलेलंच होतं, बाकीच्यांच्या सिलेंडरमधे निम्मी हवा शिल्लक असायची आणि माझ्या गेजचा (हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा) काटा ५० बारवर, म्हणजे राखीव हवेवर, आलेला असायचा, मग माझ्यापायी सगळ्यांना वर यायला लागायचं. मला वाटलं स्टॅमिना कमी पडतोय, म्हणून रोज पळायला लागलो. शष्प फरक पडला नाही. शेवटी इन्स्ट्रक्टरने पाण्याखाली माझा व्हिडिओ काढून दाखवला आणि तो बघून मला माझीच कीव आली. अंग तिरकं, पाय खाली लोंबतायत, गुडघे सायकल मारल्यासारखे वरखाली होतायत, हात उगाच पाणी कापतायत, मागे गाळाचा धुरळा, आणि एवढं सगळं करून हा गडी पुढे जातोय तो गोगलगायीच्या वेगाने. सर एवढंच म्हणाले, "किक मारलीस ना? मग आता थांब. लगेच दुसरी कशाला?"

त्या "थांब" मधे किती फिजिक्स आहे ते मला नंतर हळूहळू कळलं.

पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट असतं. जमिनीवर चालताना हवेचा अडथळा आपल्या गावीही नसतो, पाण्यात मात्र जवळपास सगळी मेहनत तो अडथळा कापण्यातच जाते. आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की अडथळा चौपट, आणि त्यासाठी लागणारी ताकद तर घनाने, म्हणजे आठपट! हेच गणित उलटं लावलं की मजा येते, वेग फक्त २० टक्क्यांनी कमी केला तर लागणारी ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून पाण्याखाली घाईत असलेला माणूस लगेच ओळखू येतो, तो सगळ्यात आधी वर येतो.

आता हवेचा हिशोब. १२ लिटरचा सिलेंडर २०० बारपर्यंत भरला की त्यात २४०० लिटर हवा मावते, त्यातली ५० बार राखीव धरली तर वापरायला उरतात १८०० लिटर. २० मीटर खोलीवर दाब ३ बार असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा तिप्पट हवा खर्च होते. शांतपणे डायव्ह करणारा माणूस पृष्ठभागाच्या हिशोबात मिनिटाला १५ लिटर घेत असेल तर तिथे त्याचा खर्च ४५ लिटर, म्हणजे ४० मिनिटं मिळाली. धापा टाकणारा ३० लिटर घेत असेल तर खर्च ९० लिटर आणि डायव्ह २० मिनिटांत खल्लास. सिलेंडर तोच, खोली तीच, फरक फक्त पाय कसे चालतायत याचा (आणि थोडा मनाचा, घाबरलेला माणूसही भसाभसा श्वास घेतो, पण ते पुन्हा कधीतरी).

पण किक शिकायच्या आधी अंग आडवं करायला शिकावं लागतं, आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. बुडण्यासाठी लावलेली वजनं कमरेला, हवा भरून तरंगायच्या जॅकेटमधली हवा छातीशी, त्यामुळे पाय खाली आणि डोकं वर अशी तिरकी पोझिशन आपोआप होते. समजा १.८ मीटर उंचीचा माणूस ३० अंशात तिरका झालाय, तर समोरून येणाऱ्या पाण्याला त्याची जवळपास ९० सेंटीमीटर उंचीची भिंत आडवी येते. तोच माणूस सपाट झाला तर छाती, पोट आणि पाठीवरचा सिलेंडर धरून ही भिंत निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे एकही किक न सुधारता अडथळा कितीतरी कमी झाला!

तिरकेपणाचा दुसरा तोटा जास्त छुपा आहे. अंग ३० अंशात तिरकं असलं की किकचा निम्मा जोर वरच्या दिशेने लागतो. म्हणजे तुम्ही खरं तर गरजेपेक्षा जड आहात, बुडायला हवं, पण पाय सतत मारताय म्हणून त्या वरच्या जोरावर टिकून आहात आणि तुम्हाला वाटतंय आपली बॉयन्सी, म्हणजे ना बुडणं ना वर येणं हा तोल, एकदम मस्त जमलीये. पाय थांबवले की खाली जायला लागता, घाबरून परत पाय मारता, परत वर. मला "थांब" का जमत नव्हतं त्याचं उत्तर हे होतं. मी पुढे जाण्यासाठी पाय मारतच नव्हतो, बुडू नये म्हणून मारत होतो. याची टेस्ट सोपी आहे, पाण्यात आडवे व्हा, पाय पूर्ण स्थिर ठेवा आणि दोन-तीन श्वास काय होतंय ते बघा. श्वासाबरोबर थोडं वरखाली झालात तर ठीक, सरळ खाली चाललात तर वजन जास्त आहे किंवा जॅकेटमधे हवा कमी आहे, आणि फक्तच पाय खाली जात असतील तर वजनाची जागा चुकलीये. मग थोडं वजन बेल्टवरून काढून वर सिलेंडरच्या पट्ट्यावर सरकवायचं, हात पुढे ताणायचे, गुडघे काटकोनात वाकवून फिन्स (पायात घालायची पंखासारखी पानं) वर घ्यायच्या. गुडघे वाकवले की पाय आणि फिन्सचं वजन शरीराच्या मध्याजवळ येतं, सी-सॉवर मागे बसलेला मुलगा पुढे सरकावा तसं, आणि तोल आपोआप सुधारतो.

आता किक. पाणी मागे ढकललं की आपण पुढे जातो एवढं न्यूटनचं सगळ्यांना माहीत असतं, पण पाणी कसं ढकलायचं यात खरी गोम आहे. समजा एका किकमधे १० किलो पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने मागे फेकलं. किंवा २० किलो पाणी १ मीटर वेगाने. दोन्हीत आपल्याला मिळणारा धक्का सारखाच, कारण वस्तुमान गुणिले वेग दोन्हीकडे २० च येतं. पण त्या पाण्यात आपण ओतलेली ऊर्जा बघा, पहिल्यात २० ज्यूल आणि दुसऱ्यात १०. म्हणजे जास्त पाणी सावकाश ढकलणं हे थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा निम्म्या खर्चात होतं. फिन्सचा सगळा उद्योग हाच आहे, पायाचा तळवा मोठा करून जास्त पाणी कवेत घेणं. फ्रेंच नौदलातल्या लुई द कॉर्लियूने १९३३ मधे रबरी फिन्सचं पेटंट घेतलं, आणि त्याच्याही कितीतरी आधी बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी हाताला लाकडी फळ्या लावून पोहून पाहिलं होतं. आता एवढं मोठं पान पायाला लावून मग ते पान दणादणा हापटायचं म्हणजे तो फायदा घालवून बसणंच झालं.

सायकल किक सगळ्यात वाईट, गुडघा पोटाकडे येतो, मग पाय खाली दाबला जातो आणि फिनचं पान पाण्यातून कडेने सुळकन निसटतं, ढकलत काहीच नाही. वर मांडी आडवी आल्यामुळे ब्रेकही लागतो. फ्लटर किक, म्हणजे पाय आळीपाळीने वर-खाली मारणं, नीट केली तर छान असते, गुडघा जवळजवळ सरळ, हालचाल कमरेतून, पावलं ताणलेली, आणि पाय अंगाच्या सावलीतच राहिले पाहिजेत, फार वर-खाली फाकले की ते स्वतःच अडथळा बनतात.

आणि मग फ्रॉग किक, माझी लाडकी. गुडघे वाकलेले, फिन्स पाठीच्या रेषेत किंवा थोड्या वर. पावलं बाहेर वळवायची, तळवे मागच्या पाण्याला चिकटल्यासारखे वाटले पाहिजेत, मग दोन्ही पाय गोलाकार मागे आणि आत आणायचे, शेवटी तळव्याला तळवा, नमस्कार केल्यासारखे. आणि थांबायचं. एक, दोन, तीन, वेग कमी होतोय असं वाटेपर्यंत नुसतं सरकायचं. मग पाय हळूच, पाण्याला कळणारही नाही असे, परत जागेवर आणायचे. नवीन माणूस हमखास दोन चुका करतो, एक म्हणजे पाय परत आणतानाही तेवढाच जोर लावतो, त्यामुळे जेवढं पुढे गेला त्यातलं निम्मं मागे येतो, आणि दुसरी म्हणजे सरकत असतानाच पुढची किक मारतो. मांड्यांना विश्रांती मिळते ती या सरकण्यातच, श्वासही त्याच लयीत पडायला लागतो.

एक गोष्ट मात्र फ्रॉग किकचे भक्त सांगत नाहीत. निव्वळ गणिताने बघितलं तर वेग सतत वरखाली होणं हे एकसारख्या वेगापेक्षा महाग पडतं, कारण ताकद घनाने वाढते, वेगात असतानाचं नुकसान हळू असतानाच्या बचतीतून भरून निघत नाही. मग ही किक स्वस्त का पडते? कारण आपण मुळात हळू चाललोय आणि सरकताना पाय अंगामागे लपून अडथळा एकदम कमी होतो. वेग वाढवायचा झाला, समोरून करंट आला, की हा फायदा संपतो. दोन किकमधल्या थांब्यात करंट तुम्हाला मागे नेतो. तिथे फ्लटरच बरी, नाहीतर तळाच्या जवळ जायचं, तिथे करंट कमी असतो. म्हणून "एकच किक बेस्ट" म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

मासे आणि डॉल्फिन काय करतात? त्यांच्या शेपटीच्या प्रत्येक फटक्याला मागे भोवरे सुटतात आणि ते भोवरे नीट अंतराने सुटले तर त्यांच्यामधून मागे जाणारा पाण्याचा झोत तयार होतो. शेपटी सेकंदाला किती वेळा हलते गुणिले किती रुंद हलते, भागिले वेग, या आकड्याला स्ट्रूहल नंबर म्हणतात. २००३ मधे 'नेचर' मधे आलेल्या एका अभ्यासात दिसलं की पोहणारे आणि उडणारे कितीतरी प्राणी आरामात प्रवास करताना ०.२ ते ०.४ याच पट्ट्यात असतात. आता समजा तुम्ही सेकंदाला एक पूर्ण फ्लटर मारताय, अर्धा मीटर रुंद, आणि पुढे जाताय सेकंदाला अर्धा मीटर, तर तुमचा आकडा आला १. म्हणजे डॉल्फिनच्या कितीतरी बाहेर! आणि हा आकडा नुसते पाय हळू मारून सुधारत नाही, कारण मग वेगही कमी होतो. तो ठरतो अंगाचा अडथळा आणि फिनचा आकार यांच्या नात्यावर. फिन तीच असेल तर अंग सपाट करणं हाच उपाय. फ्रीडायव्हर, म्हणजे सिलेंडरशिवाय श्वास रोखून डायव्ह करणारे लोक, लांबलचक फिन्स घालतात आणि सुईसारखे सरळ होतात ते दोन्ही याचसाठी. आपल्याला पाठीवर सिलेंडर, जॅकेट, होज घेऊन डॉल्फिन होता येणार नाही हे मान्य, पण लोंबकळणारा गेज क्लिपला अडकवला तरी थोडा फरक पडतो.

गाळाचं प्रकरण वेगळंच आहे. फ्लटरमधे पाणी खालीही ढकललं जातं, तळाजवळ असलात की गाळ उठतो, आणि बारीक गाळाचा कण इतका हळू बसतो की पाणी परत स्वच्छ व्हायला कधीकधी तास लागतात. फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमधे डायव्ह करणाऱ्यांसाठी तर ही जिवाची गोष्ट, बाहेरची वाट दिसेनाशी होते. म्हणून गुहावाले फ्रॉग किकचे एवढे आग्रही असतात, तिचा झोत सरळ मागे आणि थोडा वर जातो. प्रवाळाजवळही तेच, काही जातींचे प्रवाळ वर्षाला एखाद सेंटीमीटरसुद्धा वाढत नाहीत आणि फिनचा एक फटका वीस-पंचवीस वर्षांचं काम मोडून टाकतो, मारणाऱ्याला पत्ताही नसतो कारण फिन आपल्या नजरेमागे असते.

धाप लागली तर काय, हे सांगायलाच हवं. ३० मीटरवर हवा वरच्यापेक्षा चौपट दाट असते, ती आतबाहेर करायलाच मेहनत पडते, त्यात जोरात पाय मारले तर कार्बन डायऑक्साइड साठायला लागतो, आणि तो साठला की अजून धाप आणि उगाच भीती. तेव्हा बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, खूण करून पाय पूर्ण थांबवायचे, जमलं तर एखादा ओकाबोका खडक धरायचा आणि श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडायचा. श्वास रोखून हवा वाचवायचा प्रयत्न मात्र अजिबात नको, तो धोक्याचाच. पोटरीत गोळा आला तर फिनचं टोक पकडून स्वतःकडे ओढायचं आणि पाय सरळ करायचा.

सराव कोरड्यात सुरू करता येतो. बाकावर पालथं झोपायचं, गुडघ्यापासून पाय बाहेर, आणि फ्रॉग किक अगदी स्लो मोशनमधे करायची, कुणीतरी घोटा हाताने वळवून दाखवला तर उत्तमच. मग पूलमधे लांबी मोजायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला किती किक लागल्या. २५ मीटरला मला सुरुवातीला किती लागायच्या ते सांगत नाही, पण आकडा कमी करत नेण्याचा खेळ लई भारी आहे, वेळ बघायचा नाही, फक्त किक. आणि व्हिडिओ काढाच, आपल्याला वाटतं आपण सपाट आहोत आणि व्हिडिओत निघतो तिरका माणूस.

एकाच जागी वळायची हेलिकॉप्टर किक दोन-तीन सेशनमधे येते. बॅक किक, म्हणजे मागे सरकणं, ही मात्र परीक्षा आहे, फिनच्या वरच्या बाजूने आणि कडेने पाणी पकडून पाय बाहेरून पुढे ओढायचे असतात आणि सपाट, कडक फिन नसेल तर पाणी हाताला, म्हणजे पायाला, लागतच नाही. मी तीन आठवडे रोज पूलमधे भिंतीसमोर नाक ठेवून मागे जायचा प्रयत्न करत होतो आणि रोज भिंतीला नाक घासत होतो. चौथ्या आठवड्यात भिंत बहुतेक एक वीतभर लांब गेली. सर म्हणाले मला दिसलं नाही, परत कर.