सिंत्राचे दोन ‘राष्ट्रीय राजवाडे’: गावातला कुठला, डोंगरावरचा कुठला?

लिस्बनहून सकाळी सिंत्राला जाऊन संध्याकाळी परतायचं, असा बेत करणाऱ्यांची गल्लत नावापासूनच सुरू होते. ‘सिंत्रा राष्ट्रीय राजवाडा’ आणि ‘पेना राष्ट्रीय राजवाडा’ हे दोन वेगवेगळे वाडे आहेत. फोटोंत दिसणारा लाल-पिवळा वाडा म्हणजे पेना, तो डोंगरमाथ्यावर. ज्याच्या नावात सिंत्रा आहे तो खाली गावात, पांढऱ्या भिंतींचा. दोन प्रचंड शंकूच्या आकाराची धुराडी ही त्याची खूण. नकाशात नुसतं ‘सिंत्रा पॅलेस’ शोधून निघालात, तर हातात पेनाचं तिकीट आणि समोर धुराडी, अशी वेळ येऊ शकते.

ही चूक महागात पडते, कारण पेनाच्या आतल्या दालनांचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. उशीर झाला तर आत सोडत नाहीत. शिवाय ती वेळ वाड्याच्या दाराशी पोचण्याची असते, बागेच्या फाटकाशी नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढानं जायला अर्धा तास धरा.

समजा तिकीट 11 चं आहे. लिस्बनच्या रोसिओ स्टेशनवरून लोकलला साधारण 40 मिनिटं लागतात. शेवटच्या ‘सिंत्रा’ स्टेशनवरच उतरायचं. त्याच्या आधी ‘पोर्तेला द सिंत्रा’ येतं, तिथे घाईनं उतरू नका. पुढे 434 नंबरची बस डोंगरावर नेते, पण उन्हाळ्यात तिच्यासाठी लांब रांग लागते. म्हणून साडेआठच्या आसपास रोसिओ सोडलेलं बरं. स्टेशनवरून पायी चढायचं तर तासभर दमछाक ठरलेली. उलट गावातला वाडा स्टेशनपासून सपाटीसारख्या रस्त्यानं पंधरा मिनिटांवर आहे.

पेना जुना वाटतो, पण आज दिसतो तो मुख्यतः 19व्या शतकातला. तिथे आधी मठ होता, 1755 च्या भूकंपात त्याची पडझड झाली. राणी दुसरी मारिया हिचा पती फर्नांदो यानं 1838 मध्ये ते अवशेष विकत घेतले आणि फॉन एश्वेगे या जर्मन माणसाकडून वाडा उभारून घेतला. रंगांचा अर्थ इथेच आहे: लाल भाग जुन्या मठाचा, पिवळा नव्या बांधकामाचा. कमानीवर बसलेला अर्धा माणूस, अर्धा मासा असा त्रितोन जवळून बघा. आतल्या खोल्या लहान आहेत आणि गर्दीत पुढे सरकत राहावं लागतं. हा वाडा खरा खुलतो तो बाहेरून.

गावातल्या वाड्याचं नेमकं उलट आहे. बाहेरून साधा, सगळं वैभव आत. म्हणूनच त्याला ‘तासाभराचं उरलंसुरलं’ समजून टाळू नये. स्वयंपाकघरात उभं राहून वर पाहा: डोक्यावर छत नाहीच, 33 मीटर उंच धुराड्याचा पोकळ शंकूच तिथून सरळ वर निमुळता होत जातो. ‘कुलचिन्हांच्या दालना’च्या घुमटाकार छतावर 72 सरदार घराण्यांची चिन्हं रंगवली आहेत. ते राजा मानुएलनं करवलं, ज्याच्या कारकिर्दीत 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेला. त्या दालनाच्या भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा पणजीत फिरलेल्यांना ओळखीच्या वाटतील, पण त्या 18व्या शतकातल्या. इतर दालनांतल्या हिरव्या, उठावाच्या फरशा त्याहून कितीतरी जुन्या आहेत.

मुंबईकरांनी आणखी एक खोली चुकवू नये. 1661 च्या तहात पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या आंदणात मुंबई इंग्लंडला द्यायचं ठरलं, तेव्हा गादीवर तिचा भाऊ सहावा अफोन्सो होता. पुढे अफोन्सोच्याच भावानं सत्ता हातात घेतली, आणि अफोन्सोची अखेरची वर्षं याच वाड्यातल्या त्या खोलीत कैदेत गेली. 1683 मध्ये तो इथेच वारला.

दोन्ही वाडे करायचे असतील तर आधी डोंगर, मग गाव. वेळ किंवा पैसे कमी असतील, तर पेनाचं फक्त बागेचं तिकीट काढा आणि आतून गावातला वाडा बघा. मात्र बागेच्या तिकिटावर पेनाच्या दालनांत प्रवेश नाही, हे काढतानाच लक्षात ठेवा. लिस्बनमध्ये लख्ख ऊन असलं तरी माथ्यावर धुकं आणि गार वारा असतो, म्हणून पातळसं जॅकेट सोबत हवंच. धुकं दाट असेल तर पेना दहा पावलांवरूनही दिसत नाही. दालनांचं वेळेचं तिकीट नसेल, तर अशा दिवशी क्रम उलटा करा: सकाळी गावातला वाडा, दुपारी धुकं विरल्यावर डोंगर.