एक तार, दोन खाती: युनिफाइड कम्युनिकेशन्सची पार्श्वभूमी

कंपनीत युनिफाइड कम्युनिकेशन्स, म्हणजे संपर्काची सगळी साधनं एकाच व्यवस्थेत, आणायचं ठरलं की चर्चा लगेच कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं यावर येते. पण फोन, ईमेल, चॅट आणि व्हिडिओ मुळात वेगळे का राहिले, हे पाहिल्याशिवाय ते एकत्र आणताना होणारी ओढाताण समजत नाही.

कित्येक दशकं कार्यालयात दोन स्वतंत्र तारा होत्या. टेलिफोनची तार पीबीएक्समध्ये, म्हणजे कार्यालयाच्या स्वतःच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, जायची आणि ते यंत्र सांभाळणारी माणसं वेगळी, त्यांचा ठेकेदार वेगळा. संगणकाची तार दुसऱ्याच खात्याच्या ताब्यात. रे टॉमलिन्सन यांनी 1971 साली नेटवर्कवरून ईमेल पाठवून दाखवला. गॉर्डन मॅथ्यूज यांनी 1979 साली व्हॉइसमेलच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन्हींचं काम एकच, माणूस जागेवर नसताना त्याचा निरोप सांभाळून ठेवणं. तरीही एक संगणकवाल्यांकडे गेला, दुसरा टेलिफोनवाल्यांकडे. कर्मचाऱ्याला दोन पेट्या तपासाव्या लागत, फॅक्सचा कागद तिसरीकडून यायचा. 1990च्या दशकात हे सगळं एका इनबॉक्समध्ये आणण्याचे प्रयत्न सुरू झाले, त्याला युनिफाइड मेसेजिंग म्हणत. एकत्रीकरणाची ही पहिली पायरी, पण ती साठवलेल्या निरोपांपुरतीच होती. चालू संभाषण अजून जुन्याच तारेवर होतं.

ते हललं 1995 साली. व्होकलटेक या इस्रायली कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. आवाज खरखरीत होता, पण रस्ता दिसला. आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पॅकेटमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या छोट्या पुडीत, घालून पाठवायचा, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेट. पलीकडे ते ओळीने लावून पुन्हा आवाज करायचा. ईमेल दोन सेकंद उशिरा आला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आवाजाचं तसं नाही. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या फार पुढे गेला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. म्हणून आवाजाच्या पॅकेटना नेटवर्कवर आधी वाट द्यावी लागते आणि ते काम टेलिफोनवाल्यांच्या हातात नसतं. दोन खात्यांना एका टेबलाशी बसणं भाग पडलं ते इथे.

कॉल कसा जोडायचा याचे नियमही ठरत गेले. आधी 1996 साली एच.323 आणि मग 1999 साली एसआयपी. एसआयपीची रचना वेबसारखी साध्या मजकुराची असल्यामुळे पुढे तीच जास्त रुजली. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने 1998 साली सेल्सियस ही कंपनी विकत घेऊन आयपी फोन, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चालणारे फोन, मोठ्या कार्यालयांत नेले. कंपन्यांना तेव्हा पटलेलं कारण अगदी व्यवहारी होतं: शाखांमधले कॉल स्वतःच्या डेटा लाइनवरून गेले की लांबच्या कॉलचं बिल वाचतं. अडचणही तितकीच व्यवहारी होती. जुन्या फोनला वीज तारेतूनच मिळायची, वीज गेली तरी तो चालायचा. नेटवर्कच्या तारेतून वीज देण्याचं मानक 2003 साली आलं, पण ती वीज देणाऱ्या नेटवर्कच्या जोडपेटीला, म्हणजे स्विचला, विजेचा बॅकअप आहे का, हा प्रश्न प्रत्येक कंपनीला स्वतः सोडवावा लागला.

माझ्या मते खरा बदल आवाजाने केलाच नाही, तो केला नावापुढच्या हिरव्या ठिपक्याने. फोन लावण्याआधी समोरचा जागेवर आहे का हे कळू लागलं. 1990च्या दशकातल्या चॅटमध्ये रुळलेली ही सोय मायक्रोसॉफ्टने 2003 साली लाइव्ह कम्युनिकेशन्स सर्व्हरमधून आणि 2007 साली ऑफिस कम्युनिकेशन्स सर्व्हरमधून कार्यालयात आणली. दुसऱ्यात कॉलही त्याच खिडकीत आला. मात्र ठिपका पिवळा झाला, म्हणजे माणूस जागेवर नाही असं दिसलं, की साहेब विचारतात, असं कर्मचाऱ्यांना वाटू लागलं तर ते ठिपका हिरवा ठेवण्याच्या युक्त्या शोधतात आणि मग त्या ठिपक्यावर कुणीच विसंबत नाही. हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून सुटत नाही. वरिष्ठ त्या माहितीचं काय करणार, हे आधीच उघडपणे सांगावं लागतं.

व्हिडिओची वाट सर्वांत लांबची. एटी अँड टीने पिक्चरफोन 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळाव्यात दाखवला, 1970 साली पिट्सबर्गमध्ये विक्रीला काढला आणि तो पडला. महाग तर होताच, पण ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडेही तोच हवा, ही अट जास्त जड गेली. ब्राउझर आणि मोबाइलने ती अट सैल केली आणि 2020 च्या साथीने उरलेला संकोच घालवला. झूमच्या बैठकांतले रोजचे सहभाग डिसेंबर 2019 मधल्या सुमारे 1 कोटीवरून एप्रिल 2020 मध्ये 30 कोटींवर गेले, अर्थात त्यात एकच माणूस अनेक बैठकांत असला तर तितक्यांदा मोजलेला आहे. ज्या कंपन्यांत अशी साधनं घेण्याचा निर्णय वर्षानुवर्षं बैठकांत अडकला होता, तिथे तो काही आठवड्यांत झाला, अनेकदा प्रशिक्षण आणि सुरक्षेचे नियम मागे ठेवून.

त्या घाईत घेतलेली साधनं अजून वापरात आहेत आणि एक जुनी भिंत तशीच उभी आहे. ईमेल कोणत्याही कंपनीतून कोणत्याही कंपनीत पोचतो, फोनही लागतो. चॅटचा निरोप मात्र समोरच्याकडे दुसऱ्या कंपनीचं साधन असेल तर सहसा जात नाही. त्यामुळे पुरवठादारांशी आणि ग्राहकांशी बोलायला कर्मचाऱ्यांच्या संगणकावर आज पुन्हा दोन-तीन वेगवेगळ्या खिडक्या उघड्या असतात.