नवऱ्याची सही लागत नाही

‘गर्भपाताला नवऱ्याची सही लागतेच’ असं मीही वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. मावसबहिणीला एका दवाखान्यातून या सहीपायी दोनदा परत पाठवलं, तेव्हा कुठे मी १९७१ चा गर्भपात कायदा वाचला. संमती फक्त त्या बाईची. ती १८ वर्षांखालची किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. लग्नाचीही अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं.

मागितला की झाला, असंही नाही म्हणा. कायद्यात बसणारं कारण हवं आणि २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत. २० ते २४ आठवड्यांत दोघांचं, तेही बलात्कारासारख्या ठरावीक परिस्थितीत.

गोंधळाचं मूळ मला वाटतं सोनोग्राफीच्या दारावरच्या पाटीत आहे: ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. तो गुन्हा १९९४ च्या वेगळ्या कायद्याचा. आपण गर्भपात आणि गर्भलिंग निदान दोन्ही एकाच पोत्यात भरले, म्हणून गर्भपातही गुन्हाच वाटतो.

गर्भपाताचा विषय मला आजही जड जातो. पण तिसऱ्या खेपेला बहिणीसोबत मी गेले, कायद्याची प्रिंट घेऊन. सही तिने एकटीने केली.