आधी सोडा, मग चिंच

सणाच्या आधी समई घासायला काढली की बहुतेक घरांत एकच दृश्य दिसते. चिंच लावून चोळल्यावर दांडी झळकू लागते, पण तेलाच्या वाटीचा काठ आणि पायावरच्या नक्षीच्या खाचा काळ्या त्या काळ्याच राहतात. मग आणखी चिंच, आणखी जोर, शेवटी तारेची घासणी, आणि पितळेवर कायमचे ओरखडे. यात चिंचेचा दोष नाही. समईवर दोन वेगवेगळे मळ एकावर एक बसलेले असतात आणि चिंच त्यातला फक्त खालचा काढू शकते.

वरचा मळ तेलाचा. वाटीतून ओघळलेले तेल ज्योतीच्या उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होते. त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि वार्निशासारखा चिवट थर तयार होतो. काजळी आणि धूळ त्यातच रुतून बसते. खालचा मळ धातूचा स्वतःचा. पितळेतल्या तांब्यावर ऑक्साइडचा तपकिरी-काळा थर चढतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल हा थर विरघळवते, पण तेलाच्या चिकट्यातून ते खाली पोहोचूच शकत नाही. तेलावर अल्कलीच चालते, म्हणजे सोडा किंवा राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते तेलाशी मिळून थोडा साबण बनवते, आणि राखेचे बारीक कण घासायचेही काम करतात. चुलीच्या काळात खरकटी, तेलकट भांडी राखेने आणि देवाची पितळी उपकरणी चिंचेने घासत, त्यामागे हे रसायनशास्त्र होते.

तर समई आधी सुटी करा. मोर, वाटी, दांडी आणि पाया आट्यांवर बसवलेले असतात. आटे चिकटून बसले असतील तर तो भाग दहा मिनिटे गरम पाण्यात ठेवला की सैल होतो. पक्कड लावू नका, पितळ मऊ असते. वाती काढा, जमेल तेवढे तेल जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या. मग २ लिटर कडकडीत पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांडी घासायचा साबण घालून सगळे भाग २० मिनिटे बुडवून ठेवा. खाण्याचा सोडा इथे कमी पडतो, तो फार सौम्य असतो. धुण्याच्या सोड्याने हाताची कातडी कोरडी पडते, म्हणून हातमोजे घाला. खाचांसाठी जुना दात घासायचा ब्रश पुरतो.

तेल पूर्ण गेले का, हे डोळ्यांना कळत नाही. पाण्याला कळते. भांडे विसळून तिरपे धरा. पाणी सलग पातळ पडद्यासारखे खाली उतरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन थांबले तर त्या जागी अजून तेल आहे. वाटीच्या काठाशी हे थेंब हमखास दिसतात. तेवढाच भाग पुन्हा सोड्यात बुडवावा.

आता चिंच. लिंबाएवढा गोळा अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून कोळ काढा आणि त्यात एक लहान चमचा मीठ घाला. मीठ खरखरीत असते म्हणून घालतात असा समज आहे, पण विरघळल्यावर तो खरखरीतपणा उरत नाही. त्याचे खरे काम वेगळे आहे. मिठातले क्लोराइड तांब्याला धरून द्रावणात ओढते, त्यामुळे आम्लाचे काम वेगाने होते. कोळ कापडाने लावून दोन-तीन मिनिटे चोळला की तेल गेलेल्या पितळेचा पिवळा रंग जवळजवळ जोर न लावता वर येतो. लिंबू-मीठ किंवा आमसुलाचे पाणीही चालते.

इथे घाई नडत नाही, उशीर नडतो. ‘राहू दे तासभर, चांगले निघेल’ म्हणून पितळ आंबट पाण्यात ठेवले की त्यातले जस्त तांब्याच्या आधी बाहेर पडू लागते आणि भांड्यावर गुलाबी डाग उमटतात. हे डाग मळाचे नसतात, तिथे वर तांबेच उघडे पडलेले असते. बारीक पॉलिशने घासल्याशिवाय ते जात नाहीत. दुसरी चूक पाण्याची कंजुषी. आट्यांत आणि नक्षीत मीठ-चिंच राहिली की दोन दिवसांत तिथे हिरवट पूड दिसते. म्हणून भरपूर पाण्याने धुवा, शेवटचे पाणी चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेले घ्या म्हणजे उरलेले आम्ल निवते, पुन्हा साध्या पाण्याने विसळा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसा. निथळत ठेवले तर पाण्याचेच डाग पडतात.

दोन ठिकाणी हा उपाय करू नये. शोभेच्या पितळी वस्तूंवर पुष्कळदा पारदर्शक लाखेचा लेप असतो. त्या ओल्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. आणि कल्हई केलेल्या पातेल्याच्या आतल्या बाजूला चिंच किंवा घासणी लावू नका. कल्हई म्हणजे कथलाचा अगदी पातळ थर. तो गेला की आंबट पदार्थ थेट तांब्याला भिडतो आणि आमटी कळकते. आत खरकटे चिकटले तर पाणी घालून भिजू द्यावे आणि मऊ कापडाने काढावे.

सोडा आणि आम्ल दोन्ही गुणकारी, मग एकत्र केले तर दुप्पट काम होईल असे वाटते. व्हिनेगरमध्ये सोडा घातला की फेस तर जोरात येतो. पण तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. दोघे एकमेकांना संपवतात आणि मागे उरते जवळपास निरुपयोगी खारट पाणी. असे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावले तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. दोन्ही वापरा, पण एकामागून एक, मध्ये पाण्याने धुऊन.

न्हाणीघरात मात्र हा क्रम उलटा होतो. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापले किंवा वाळले की त्यांतून चुनखडीचा पांढरा थर मागे राहतो. त्यात साबण मिसळला की कॅल्शियमचा साबण तयार होतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या आतली करडी, मेणचट कड ती हीच. तिच्यावर आणखी साबण लावणे म्हणजे त्याच पाण्यात आणखी कड तयार करणे. आधी आम्ल हवे. १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवा, कापड भिजवून ते कडेवर चिकटवा आणि २० मिनिटे थांबा. आम्ल कॅल्शियम काढून घेते आणि मागे उरते निव्वळ चरबी. ती सोडा-साबणाने सहज निघते.

शॉवरची छिद्रे बुजली असतील तर याच पाण्याची पिशवी त्याच्या तोंडाला अर्धा तास बांधून ठेवा. रात्रभर नको, चकाकीचा मुलामा बिघडू शकतो. विजेच्या किटलीसाठी लिटरभर कोमट पाण्याला २ लहान चमचे पुरतात. हे पाणी उकळू नये. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे एक पांढरा थर काढताना दुसरा बसतो.

आम्लाचा सगळ्यात मोठा घोटाळा फरशीवर होतो. शहाबादी फरशी आणि काळा कडाप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही रासायनिकदृष्ट्या त्यांचाच भाऊ, आणि मोझॅकमध्ये संगमरवराचेच तुकडे असतात. ज्या आम्लाने बादलीवरची चुनखडी जाते, त्याने हा दगडही झिजतो. कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू चिरले की जो फिका गोल उमटतो तो डाग नसतो, तिथली झिलई गेलेली असते. ग्रॅनाइटला हा धोका नाही. दगड कोणता ते माहीत नसेल तर कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले की आम्लाची बाटली दूर ठेवा आणि साध्या साबणाने काम चालवा.

जसे आम्ल आणि चुनखडीचे, तसेच सोडा आणि ॲल्युमिनियमचे. धुण्याच्या सोड्यात ॲल्युमिनियम झिजते आणि काळे पडते. चिमणीची जाळी स्टीलची असेल तर गरम सोड्यात खुशाल बुडवा. ॲल्युमिनियमची असेल तर फक्त गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. कुकर आतून काळा पडला असेल तर त्याला चिंचच लागते. एक छोटा तुकडा पाण्यात घालून दहा मिनिटे उकळावे.

चांदी काळवंडते गंधकामुळे, तिथे घासणे म्हणजे चांदीच खरवडणे. वाडग्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरा, १ लिटर उकळते पाणी, १ मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि १ लहान चमचा मीठ घाला, आणि पैंजण किंवा वाटी फॉइलला टेकेल अशी पाच मिनिटे ठेवा. गंधक चांदीला सोडतो, चांदी जागच्या जागी परत येते. थोडा सडक्या अंड्यासारखा वास येईल, तो त्या गंधकाचाच. मोती, खडे आणि मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड चांदी यात घालू नये.

राहिले अंगण. पावसाळ्यात शहाबादी फरशीवर शेवाळ धरते आणि माणसे घसरून हाडे मोडून घेतात. आम्ल तिथे चालत नाही. १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी फरशीवर शिंपडा. १५ मिनिटांनी खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवा. पाणी तुळशीच्या किंवा इतर झाडांच्या मुळांकडे जाऊ देऊ नका. ही पावडर किंवा तिचे पाणी शौचालयाच्या ॲसिडजवळ, लिंबूसत्त्वाजवळ, कुठल्याही आम्लाजवळ येता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. चुकून मिसळलेच तर साफ करत बसू नका, आधी बाहेर पडा. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा. दमट हवेत तिचा क्लोरीन उडून जातो. गेल्या वर्षी उघडलेल्या पाकिटाला तो उग्र वास येत नसेल, तर त्यात चुन्याशिवाय फारसे काही उरलेले नसते. अशा पुडीने शेवाळ मरत नाही, नवी आणावी.