शहात्तरावी जागा

"आमच्या अंगाला त्या गोळ्यांची सवय झालीय, आता लागूच पडत नाहीत." हिवतापाच्या गोळ्यांबद्दल हे वाक्य कितीदा ऐकलं असेल, मोजदाद नाही. पण सवय अंगाला होत नाही. हिवतापाच्या परजीवीलाही होत नाही. गोळीचा मार खाऊन तो काही शिकत नसतो.

रुग्णाच्या शंभर तांबड्या पेशींपैकी एकीतच परजीवी असला, तरी अंगात मिळून सुमारे २५ हजार कोटी परजीवी भरतात. एवढ्या गर्दीत जनुकांची नक्कल होताना चुका होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक ठरतात. एखादी मात्र नेमकी औषधाच्या आड येते. मग गोळी बाकीच्यांना मारते आणि त्या एकाला रान मोकळं करून देते. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी हे आणखी सोपं होतं.

हिवतापाचं जुनं औषध क्लोरोक्वीन, त्याच्या बाबतीत ही चूक कुठे झाली, ते मला फार विलक्षण वाटतं. हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. पचन होतं ते एका आंबट रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत. तिला त्याचं पोट म्हणू. प्रथिन पचतं, हीम (हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग) उरतं, आणि सुटं हीम त्याच्यासाठी विष असतं. म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की परजीवीच्या आत तपकिरी-काळे कण दिसतात, ते हेच. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी ओळखला, तोही याच कणांवरून.

क्लोरोक्वीनचा रेणू या पोटात सहज शिरतो. आत आम्ल असल्यामुळे त्याला दोन धन प्रभार चिकटतात आणि प्रभारित रेणूला पटलातून परत बाहेर पडता येत नाही. औषध आत साठत जातं, हीमला धरून ठेवतं, स्फटिक होऊ देत नाही. परजीवी स्वतःच्याच उष्ट्याने मरतो.

या पोटाच्या पटलात एक वाहक प्रथिन असतं, ४२४ अमिनो आम्लांचं. त्यात ७६व्या जागी लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि लायसिनवर धन प्रभार असतो. समान प्रभार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे क्लोरोक्वीनला या वाटेनेही बाहेर जाता येत नाही. औषधाला दाद न देणाऱ्या, म्हणजे प्रतिरोधी परजीवीत त्या जागी थ्रिओनिन आलेलं असतं. त्यावर प्रभार नाही. दारातला पहारेकरी गेला आणि औषध बाहेर वाहू लागलं! अर्थात हा एकच बदल पुरत नाही, सोबत आणखी काही बदल लागतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात असे परजीवी आढळले; भारतात १९७३ साली आसामात.

याच काळात कित्येक घरांत मंतरलेले दोरेही बांधले जात होते. व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीचा ताप मुळात दिवसाआड येतो. मधल्या दिवशी तो आपोआप उतरतो आणि श्रेय दोऱ्याला मिळतं. फाल्सिपेरम असेल तर तेवढ्या दिवसांत आजार मेंदूपर्यंत पोचू शकतो. दोऱ्यावर विसंबून रक्ततपासणी लांबवणं हा जिवाशी खेळ आहे.

बदललेलं वाहक प्रथिन आपलं नेहमीचं काम मात्र तितकं नीट करत नाही. औषध नसेल तेव्हा असा परजीवी मूळ परजीवीपुढे मागे पडतो. मलावी देशाने १९९३ साली फाल्सिपेरमसाठी क्लोरोक्वीन बंद केली. २००५ साली तिथल्या ब्लँटायर शहरात ती पुन्हा देऊन पाहिली, तेव्हा ८० मुलांपैकी ७९ जणांना लागू पडली. मूळचे परजीवी परतले होते.

भारतात फाल्सिपेरमसाठी आता आर्टेमिसिनिन या दुसऱ्या औषधाची जोडऔषधं दिली जातात. व्हायवॅक्ससाठी क्लोरोक्वीन मात्र चालूच आहे आणि दोन्ही परजीवी एकाच गावात, कधी एकाच रुग्णात नांदतात. म्हणजे फाल्सिपेरमला इथे क्लोरोक्वीनचा मारा चुकलेला नाही, आणि आपल्याकडे त्याच्या ७६व्या जागी बहुतेक वेळा थ्रिओनिनच सापडतं.