सगळी दप्तरं १९२२ला जळाली? नाही!

आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील, तर परदेशात जन्मलेल्या नातवंडांनाही रीतसर नोंदणी करून आयरिश नागरिक होता येतं. पण ‘१९२२च्या आगीत सगळं जळालं, आता त्यांच्या जन्माचा दाखला कुठून आणणार?’ म्हणत कितीतरी जण अर्ज करण्याआधीच हात टेकतात.

आग खरी. यादवी युद्धात, ३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार भस्मसात झालं. मृत्युपत्रं गेली, १८२१ ते १८५१च्या जनगणनेचे बहुतेक कागद गेले, चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. पण १८६४पासूनच्या सरकारी जन्मनोंदी तिथे नव्हत्याच. त्या आजही मिळतात. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्या तर आपापल्या पॅरिशमध्येच, म्हणजे स्थानिक चर्चमध्येच होत्या.

मग दाखला सापडत का नाही? बहुधा नावापायी. एका कागदावरचा ‘ओसलिव्हन’ दुसऱ्यावर नुसता ‘सलिव्हन’ असतो. तारखांची तऱ्हा तर आणखीच न्यारी: उशिरा नोंदवलं की दंड, म्हणून आईबाप जन्मतारीखच पुढे ढकलायचे. त्यामुळे बाप्तिस्मा आधी नि जन्म नंतर, असलेही नमुने भेटतात! तेव्हा घरात पाळल्या जाणाऱ्या वाढदिवसाला चिकटून न राहता मागचीपुढची दोनतीन वर्षं चाळा.